सूर कुठे उतरतो?

डोळे मिटा बघू. असे नाही, पापण्यांच्या फटीतून बघताय तुम्ही. नीट मिटा. आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. चर्चच्या मागच्या अंगाला असलेली, लांबट, उंच खिडक्यांची खोली. भिंतीला टोप्या आणि छत्र्या अडकवायच्या लाकडी खुंट्या. त्यातली एक कायमची सैल. नवा माणूस हटकून त्याच खुंटीला टोपी अडकवायचा, टोपी धप्पकन खाली पडायची आणि जुनी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. मध्ये लाकडी बाकं, बसून बसून गुळगुळीत झालेली. वास जुन्या लाकडाचा, मेणबत्त्यांचा आणि कुणाच्या तरी खिशातल्या खोकल्याच्या गोळ्यांचा. आला वास? मग आपण आत पोचलो.

आता तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि विजेवर चालणारी पेटी आहे. पण आपण ज्या संध्याकाळी तिथे शिरलोय, त्या संध्याकाळी जुनी पेटी कोपऱ्यात मुकी उभी आहे. तिचा भाता उंदरांनी कुरतडला होता. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणता वर्षं लोटली, पेटीवर फुलदाणी येऊन बसली आणि लोकांना पेटीवाचून गायची इतकी सवय झाली, की गाणाऱ्यांतले पोस्टमनमामा म्हणायचे, "उंदरांचा एकदा सत्कार करायला हवा. त्यांनीच आपल्याला गायला शिकवलं."

पेटी नाही, मग सूर कुठून घ्यायचा? तो यायचा घड्याळकाकांच्या चिमट्यातून.

घड्याळकाका म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्या मंडळीत, मागच्या बाकावर बसून ते सगळ्यात खालचा आवाज गायचे. त्यांच्याकडे पोलादाचा एक दुबोटी चिमटा होता. तो गुडघ्यावर टण्णकन मारायचा आणि त्याची दांडी बाकाच्या लाकडाला टेकवायची, की सगळं बाक गुणगुणायला लागायचं. बाकावरच्या मुलांना पाठीत गुदगुल्या व्हायच्या. तोच सूर सगळ्यांनी घ्यायचा आणि गीत सुरू करायचं.

गीत संपलं की शेवटचा सूर धरून ठेवायचा, आणि काका पुन्हा चिमटा वाजवायचे. चिमट्याचा आणि आपला सूर एकच निघाला, तर क्वायर शिकवणारी आत्या म्हणायची, "पोचलो!" मग सगळे तळहातांनी बाक बडवायचे. जिथून निघालो तिथे पोचलो. वाद्याशिवाय गाताना सूर हळूहळू घसरतो, आणि गंमत अशी की गाणाऱ्याला ते कळत नाही. सगळेच एकमेकांना धरून खाली येतात. झोपलेल्या माणसाला गाडी उताराला लागल्याचं कुठे कळतं?

त्या क्वायरमध्ये पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला चांगलं लांबलचक नाव ठेवलं होतं, पण आवाज इतका उंच आणि टोकदार, की सगळे तिला पिपाणी म्हणायचे. तिच्या मागे मागे सदैव एक धाकटा भाऊ असायचा. ती हसली की हसायचा, ती शिंकली की शिंकून बघायचा. त्याचं नाव शेपूट. आत्या ही या दोघांची सख्खी आत्या. दिवसभर दवाखान्यात नर्सचं काम करायची आणि संध्याकाळी सूर तपासायची.

आता त्या संध्याकाळचं ऐका.

घड्याळकाका बऱ्याच आठवड्यांनी तालमीला येणार होते. मधल्या काळात त्यांच्या घरच्या काकू देवाघरी गेल्या होत्या. तेव्हापासून काका दुकान उघडत, दुकान बंद करत, रविवारी चर्चमध्ये मागच्या दाराशी बसत आणि तोंड उघडत नसत. चिमटा तेवढा शेजारच्या मुलाच्या हाती पाठवून द्यायचे. शेवटी आत्या त्यांच्या दुकानात जाऊन बसली, चांगली ठाण मांडून बसली, तेव्हा ते म्हणाले, "एकदा येऊन बघतो. जमलं तर जमलं." म्हणून आत्यानं येत्या रविवारसाठी मुद्दाम संध्याकाळचं गीत निवडलं. खालच्या आवाजाला त्यात छान जागा होती. आणि सगळ्यांना बजावलं, "हळहळत बसू नका त्यांच्यापुढे. नेहमीसारखं वागा."

पिपाणी मात्र नेहमीसारखी नव्हती.

तिची आई घरी शिवणकाम करायची. रविवारसाठी पिपाणीला निळा फ्रॉक शिवून द्यायचं तिनं कबूल केलं होतं. कापड बेतून झालं, बाह्या जोडून झाल्या, आणि मध्येच एका नवरीचा झगा आला. तो घाईचा. निळा फ्रॉक टोपलीत जाऊन पडला. त्या दिवशी सकाळी पिपाणीनं विचारलं, "आई, माझा फ्रॉक?" तर आई एकदम कडाडली, "फ्रॉक, फ्रॉक! एक दिवस जुना घातलास तर काय तुझं नाक कापलं जाणार आहे? ऊठ इथून!"

झालं. पिपाणीचं तोंड फुगलं. शाळेत फुगलेलं, परत येताना फुगलेलं आणि तालमीच्या खोलीत शिरताना तर टम्म.

घड्याळकाका आले. सगळ्यांनी "या, या" केलं. पोस्टमनमामांनी जागा पुसून दिली. काकांनी पुढच्या बाकाकडे बघून पिपाणीला नेहमीसारखी मान डोलावली. पिपाणीनं खिडकीकडे बघितलं. तिचा काकांवर राग नव्हता. पण राग मनात भरलेला असला, की तो कुणाचा आहे आणि कुणावर सांडतोय याचा हिशेब राहत नाही.

चिमटा वाजला. बाक गुणगुणलं. गीत सुरू झालं.

पिपाणीनं ठरवलं होतं, नीट गायचंच नाही. ती ओढत, रेंगाळत, प्रत्येक सूर किंचित खालून गायला लागली, पाय घासत चालावं तसं. तिचा आवाज असा, की शेजारणीच्या कानात सरळ घुसायचा. शेजारी बेकरीवाल्याची मुलगी. तिनं एकदा वळून बघितलं आणि कुजबुजली, "माझ्यावर रागावलीस?" पिपाणीनं पुढचा सूर आणखी ओढला. शेजारीण बिचारी गीत संपेपर्यंत आपण काय केलं ते आठवत राहिली आणि तिचा सूर पिपाणीच्या मागून गेला. शेपटानं ताईचा चेहरा बघितला आणि कर्तव्य म्हणून आपलेही गाल फुगवले. फुगवलेल्या गालांनी गाता येत नाही, पण त्याचं त्याला काय?

आत्याला समोर हे सगळं दिसत होतं. तिला वाटलं, मुलांना गीत आवडलेलं नाही. मी इतकं विचार करून निवडलं, आणि यांची ही तोंडं! तिच्या कपाळाला आठी पडली. पोस्टमनमामा एका जागी अर्धी मात्रा उशिरा आले, तर ती फटकन म्हणाली, "जगाची पत्रं वेळेवर पोचवता, स्वतः तेवढे उशिरा!"

एरवी मामा असल्या बोलण्यावर मोठ्यानं हसले असते. पण आवाजात धार होती, ती बरोबर लागली. बाकांवर एक प्रकारचं सावट पसरलं. का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गीत संपलं. सगळ्यांनी शेवटचा सूर धरला. घड्याळकाकांनी चिमटा गुडघ्यावर मारून बाकाला टेकवला.

चिमटा एक बोलला आणि क्वायर भलतंच. इतका खाली सूर त्या खोलीत कधी गेला नव्हता. शेपूट म्हणाला, "पोचलो?" कुणी बाक बडवलं नाही.

पोस्टमनमामांचा एक जुना विनोद होता. ते म्हणायचे, "आमचे घड्याळकाका म्हणजे जहाजाचा नांगर. ते मागे उभे आहेत तोवर आमचं जहाज हलायचं नाही." काका यावर दर वेळी मिशीत हसायचे. त्या दिवशी मामा म्हणाले, "आज नांगरानंच जहाज बुडवलं म्हणायचं." तोच माणूस, तोच विनोद. पण मन आंबलेलं होतं, म्हणून शब्दही आंबट निघाले.

काकांनी चिमटा बाकावर ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे तुमचं. मलाही तेच वाटत होतं. आता माझ्याच्यानं होत नाही. उगाच सगळ्यांना खाली ओढतो."

"अहो काका, मी आपलं गमतीनं…" मामा उठले.

"नाही, नाही, राग नाही." काकांनी टोपी घेतली. "चिमटा असू दे इथेच. तुम्हाला लागेल." आणि ते गेले.

पिपाणीला आधी क्षणभर बरं वाटलं होतं. दोरीच्या खेळात समोरचे आपल्याकडे ओढले गेले की वाटतं ना, तसं. मग तिनं काकांची पाठ बघितली. कोटाची कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली होती. काकू असताना ती कधी दुमडलेली नसे. आणि पिपाणीच्या पोटात काहीतरी धपकन पडलं, सैल खुंटीवरच्या टोपीसारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "काकांकडे जाऊन आले. नाही म्हणतात. रविवारीच नाही, कधीच नाही. म्हणे, तुमचा सूर माझ्यामुळे उतरतो. चिमटा परत देऊ केला तर घेईनात." तिनं चिमटा टेबलावर ठेवला. "एवढं एकच उरलं होतं त्यांच्याकडे आठवड्यातून चार माणसांत यायला. तेही गेलं." आणि चहाही न घेता दवाखान्यात रात्रपाळीला गेली.

जेवायला बसले तेव्हा आईनं पिपाणीकडे बघितलं. "चेहरा का उतरलाय गं तुझा?"

"काल सूर उतरला, आज चेहरा उतरला," शेपूट म्हणाला. "आई, हे उतरून जातात कुठे?"

"बस मुकाट्यानं," बाबा म्हणाले. बाबा छापखान्यात होते. दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकून आल्यावर त्यांना घरात शांतता लागायची, आणि शेपटामुळे ती मिळायची नाही.

"सांगा ना! आजोबा गाडीतून उतरतात ते स्टेशनवर उतरतात. मग माझा ताप उतरला तो कुठे उतरला?"

"माझ्या अंगात," बाबा म्हणाले. "तुझा उतरला आणि दुसऱ्या दिवशी मी अंथरुणात. विसरलास?"

आई हसली, शेपूट हसला. पिपाणी हसली नाही. तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पडलं. ताप उतरला तो बाबांच्या अंगात. मग तिच्या तोंडावरचा राग? तो कुठे कुठे उतरला, हे तिनं काल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बेकरीवाल्याची मुलगी, शेपूट, आत्या, मामा आणि शेवटी एक दुमडलेली कॉलर.

"चला, प्रार्थना," बाबा म्हणाले. "आज कुणाची पाळी?"

"ताईची!"

पिपाणीनं हात जोडले. "हे प्रभू, या अन्नाबद्दल… आणि आमच्या घराबद्दल… आणि…" पुढे शब्द येईनात.

शेपटानं एक डोळा उघडला. "आमेन म्हण की. भाजी निवतेय."

"मला नाही म्हणता येत," पिपाणी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मग हुंदक्यांमधून सगळं बाहेर आलं. फ्रॉक, खिडकीकडे बघणं, मुद्दाम ओढत गाणं. "सूर काकांनी नाही उतरवला. मी उतरवला. आणि ते मात्र निघून गेले."

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. शेपटानं विचारलं, "म्हणजे ताई, तू नांगर?"

"गप रे," बाबा म्हणाले, पण हळूच. मग म्हणाले, "पाळकसाहेब रविवारी उपदेशात सांगत होते ते हेच असावं. ते म्हणाले होते, पायाच्या करंगळीला ठेच लागली की पाणी डोळ्यांत येतं. डोळ्याला काय लागलेलं असतं? काहीच नाही. पण शरीर एक आहे ना. आपण सगळे प्रभूचे म्हणजे असे एका शरीरातले. एकाला लागलं की दुसऱ्याला कळ येणारच."

आई उठली आणि पिपाणीच्या शेजारी येऊन बसली.

"काल सकाळी तू फ्रॉक विचारलास ना, त्याच्या जरा आधी नवरीची आई येऊन गेली होती. झग्याच्या गळ्यावरून मला नको नको ते बोलली. गिऱ्हाईक म्हणून मी ऐकून घेतलं. आणि ती गेल्यावर तू समोर आलीस. तुझं काही चुकलं नव्हतं गं. तिचं बोलणं मी तुझ्यावर काढलं."

पिपाणीनं डोळे पुसले. "मग नवरीच्या आईवर कुणी काढलं होतं?"

"तसं शोधत गेलीस तर थेट पहिल्या माणसाच्या एदेन बागेत पोचशील," बाबा म्हणाले.

"खरंच आहे ते," आई म्हणाली. "मूळ शोधून काही हाती लागत नाही. कुणीतरी ते आपल्यापाशी थांबवायचं असतं. प्रभूच्या अंगावर काय थोडं आलं? लोक थुंकले, टोमणे मारले, काटे रुतवले. त्यानं त्यातलं काही पुढे कुणाच्या हातात दिलं का? नाही दिलं. ते त्याच्यापाशी येऊन थांबलं, आणि पुढे गेली ती क्षमा. आपण रोज त्याचं नाव घेतो, तर आपल्यापाशी आलेलं थोडं तरी आपल्यापाशी थांबायला हवं. काल सकाळी माझ्यापाशी थांबलं नाही." तिनं पिपाणीची वेणी मागे सारली. "चुकलं माझं. मला माफ कर, बाळ."

पिपाणी बघतच राहिली. मोठी माणसं चुकतात हे तिला ठाऊक होतं, ती तसं म्हणतात हे ठाऊक नव्हतं. आईचा हात उबदार होता आणि त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. राग अंगावर येऊन पडावा तसंच आईचं हे म्हणणंही येऊन पडलं होतं, फक्त याचं ओझं नव्हतं.

"आमेन," ती म्हणाली.

"मिळाली एकदाची भाजी," शेपूट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पिपाणी चिमटा घेऊन बाजाराच्या कोपऱ्यावर गेली. आई म्हणाली होती, "येऊ का मी?" पिपाणी म्हणाली होती, "नको." शेपटाला मात्र घरी बांधून ठेवावं लागलं असतं, म्हणून आईनं त्याला सांडलेल्या टाचण्या वेचायला बसवलं होतं.

घड्याळकाकांचं दुकान म्हणजे कपाटाएवढी खोली. भिंतीभर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. कुठे दुपार, कुठे पहाट. काका काउंटरमागे एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. एक डोळा साधा आणि एक भिंगामागे बटाट्याएवढा.

"काका, दुकान उघडं आहे?"

"उघड्या दारात उभी राहून विचारतेस?" काकांनी भिंग काढलं. "ये. कुणाचं बंद पडलं, बाबांचं की आईचं?"

वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण पिपाणी विसरून गेली. तिनं चिमटा काउंटरवर ठेवला. "परवा सूर तुमच्यामुळे नाही उतरला. माझ्यामुळे उतरला. मी मुद्दाम ओढत गात होते. मला राग आला होता. तुमचा नाही, फ्रॉकचा."

काका तिच्याकडे बघून मऊ हसले. "आत्यानं पाठवलं होय तुला?"

"नाही."

"मग आईनं. जा, म्हाताऱ्याची समजूत काढून ये म्हणाली असेल. गुणाची बाई आहे." त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांची डबी पुढे केली. "घे. तुझं मन चांगलं आहे, लेकरा. पण माझे कान अजून शाबूत आहेत. मला कळतं."

असं कधी झालंय तुमचं? खोटं बोललं की लोक पटकन विश्वास ठेवतात, आणि छातीवर दगड ठेवून खरं सांगावं तर गोळी देतात! पिपाणी रडकुंडीला आली. मग तिला एकदम सुचलं.

"वाजवा चिमटा," ती म्हणाली. "आणि खालचा आवाज तुम्ही गा. मी परवासारखं गाऊन दाखवते."

"अगं, दुकानात?"

"घड्याळं कुणाला सांगणार आहेत?"

काकांनी दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी चिमटा गुडघ्यावर मारून काउंटरला टेकवला. काउंटरवरच्या वाटीत पडलेले बारीक स्क्रू थरथरले.

पिपाणीला आधी रुसताच येईना. रुसायचं म्हटलं की हसू यायचं. शेवटी तिनं डोळे घट्ट मिटून टोपलीत पडलेला निळा फ्रॉक आठवला, गाल फुगवले आणि रेंगाळत, पाय घासत गायला लागली. काका हलक्या आवाजात मागून आले. गीताच्या शेवटी दोघांनी सूर धरला. काकांनी चिमटा वाजवला.

चिमटा कुठल्या कुठे वर राहिला होता.

काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा एकदा चिमटा वाजवून बघितला. "अरेच्चा! मला तू उताराला लावलंस की! आणि मला पत्ता नाही!" ते हसायला लागले, आधी मिशीत, मग मोठ्यानं. "एवढीशी पोर, आणि म्हाताऱ्याला बखोटीला धरून खाली नेलंन!"

"मी सांगत होते ना!" पिपाणीलाही हसू आलं. मग ती गंभीर झाली. "माझं चुकलं, काका. तुम्ही मान डोलावलीत तेव्हा मी खिडकीकडे बघितलं, तेही चुकलं. रविवारी याल ना?"

"आता नीट म्हण बघू," काका म्हणाले. "खरं कसं म्हणतात ते दाखव."

पुन्हा चिमटा वाजला. या वेळी पिपाणीचा आवाज सरळ वर गेला, आणि मागून काकांचा जाड, खरखरीत आवाज, एकेक पायरी भक्कम. गीतात शेवटून दुसरी ओळ येते, 'दार लोटण्याआधी, प्रभो, तू आत ये.' तिथे सूर उंच जातो. पिपाणी वर गेली, आणि तिच्या लक्षात आलं की ती एकटीच गातेय.

काका थांबले होते. हातात चिमटा तसाच होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तू ओढलंस हे खरं. पण मीही धरून नव्हतो. ही ओळ आली की मला घरचं दार दिसतं. मी रात्री दार लोटायचो आणि आतून ती विचारायची, कडी नीट लावलीत ना? रोज. रोज तोच प्रश्न. मला कधी कधी वैताग यायचा." त्यांनी नाक ओढलं. "आता दार लोटतो आणि कुणी काही विचारत नाही. गळा दाटतो माझा तिथे. खरंच उतरतो मी, पोरी. तुझा राग तुझ्यापाशी थांबला, छान झालं. मग माझं दुःख मी तुमच्या गळ्यात कशाला घालू? दुकानात बसून राहिलेलं बरं."

दुःख म्हणजे काही रुसवा नव्हे, एवढं पिपाणीला आतून समजत होतं. रुसवा आपल्यापाशी थांबवायचा असतो. पण हे एकट्यापाशी थांबवून ठेवायचं नसावं. नाहीतर शरीर एक असण्याचा उपयोग काय? हे सगळं तिला शब्दांत सांगता आलं नसतं. मोठ्यांनाही येत नाही.

भिंतीवरच्या कुठल्याशा घड्याळानं भलत्याच वेळेचे टोले दिले. काका भिंग उचलून पुन्हा डोळ्याला लावायला लागले.

पिपाणीनं काउंटरची फळी वर केली आणि आत गेली. काकांच्या स्टुलाला अगदी लागून उभी राहिली. चिमटा तिनं वाजवला नाही. ती ओळ तिनं पुन्हा उचलली, मघापेक्षा पुष्कळ खालून, दाटलेल्या गळ्यालाही गाठता येईल अशा जागेवरून, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, काकांनी तोंड उघडेपर्यंत ती तीच ओळ गात राहिली.